एकच वाण दोन नंबरांनी पेरा

माझ्या पहिल्या चाचणीत जो मका पहिला आला, तो खरं तर मका नव्हता, उकिरडा होता. शेताचे दोन भाग केले, डावीकडे एक संकरित वाण, उजवीकडे दुसरा. डावीकडचा गर्द हिरवा, कणसं मनगटाएवढी. पुढच्या वर्षी तोच वाण सगळीकडे पेरला आणि तोंडावर पडलो. नंतर आठवलं, डाव्या कोपऱ्यात आधी बरीच वर्षं शेणखताचा ढीग पडायचा. मी वाणांची तुलना केलीच नव्हती, जमिनीच्या दोन तुकड्यांची केली होती.

त्यानंतर बरीच वर्षं मका आणि ज्वारीचे प्लॉट पेरले, मोजले, तोलले. काही स्वतःसाठी, काही दुसऱ्यांसाठी. हातात कॅल्क्युलेटर, ओलावामापक आणि तोलकाटा एवढंच असेल तरी नीट चाचणी होते. फक्त शेत आपल्याशी खोटं बोलतं हे धरूनच आखणी करायची.

त्यासाठी माझी एक युक्ती आहे, तीच आधी सांगतो. सात वाण तपासायचे असतील तर आठ नंबर पाडा. एका वाणाच्या बियाण्याचे दोन वाटे करा आणि त्यांना वेगवेगळे नंबर द्या, समजा २ आणि ७. नंबर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून टाकून घ्या आणि कुठला नंबर म्हणजे कुठला वाण ही यादी बंद लिफाफ्यात ठेवा. शेवटी २ आणि ७ मध्ये हेक्टरी साडेचार क्विंटलचा फरक निघाला, तर ते तुमच्या शेताचं आणि तुमच्या हाताचं खोटं आहे, कारण बियाणं एकच होतं. मग उताऱ्यात पहिला आणि दुसरा आलेल्या वाणांत दोन क्विंटलचा फरक असेल तर त्यावर उड्या मारायचं कारण उरत नाही.

लिफाफ्याचा दुसरा फायदा असा की आपला लाडका वाण कुठे उभा आहे ते आपल्याला कळत नाही. माहीत असलं की त्याच्या ओळीत खत दोन बोटं जास्त पडतं. मी मुद्दाम टाकतो असं नाही, पण पडतं.

बियाणं

चाचणीला फक्त ताजं, पहिल्या पिढीचं संकरित बियाणं घ्यायचं. मागच्या वर्षीच्या कणसातलं राखून ठेवलेलं नको. दुसऱ्या पिढीत गुणधर्म फुटतात, उंच-ठेंगू ताटं एकत्र येतात आणि उतारा, म्हणजे उत्पादन, घसरतो. ती त्या वाणाची परीक्षा राहत नाही.

प्रत्येक पाकिटातले १०० दाणे ओल्या कापडात गुंडाळून उगवण बघा. आणि बीजप्रक्रियेकडे नीट लक्ष द्या. एकदा एका पुरवठादाराने पाठवलेलं ज्वारीचं बियाणं औषध लावून लालभडक केलेलं होतं, बाकीची पाकिटं कोरी. खोडमाशीचा मारा आला तेव्हा लाल बियाण्याच्या ओळी दिमाखात उभ्या होत्या, बाकीच्यांची पोंगेमर झाली होती, म्हणजे मधला कोंब वाळून गेला होता. मी काय तपासलं? औषध. आता सगळ्यांना एकच प्रक्रिया करतो, नाहीतर त्या पाकिटाला चाचणीत घेत नाही.

यादीत एक जुना, आपल्या हातातला वाण हवाच. आम्ही त्याला चेक म्हणतो. तो नसेल तर सगळे नवे वाण एकमेकांशी शर्यत लावतात आणि तुम्हाला कळतच नाही की सगळेच मागे आहेत. दोन नंबरांनी पेरायचा वाण म्हणून मी बहुतेक वेळा हा चेकच घेतो.

मका आणि ज्वारी एकाच प्लॉटच्या रांगेत मिसळू नका. मक्याच्या सावलीत ठेंगणी ज्वारी मार खाते, अंतरं वेगळी, काढणीची वेळ वेगळी. शेजारी शेजारी दोन स्वतंत्र चाचण्या घ्या. दोन पिकांची तुलना करायचीच असेल तर ती पाण्याच्या हिशोबाने करा. मक्याला हंगामभरात साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला ४५० ते ६५०. शिवाय ताण पडला की ज्वारी थांबून राहते आणि पाणी मिळालं की पुन्हा चालू लागते. मक्याला तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडायच्या दोन-तीन आठवड्यांत ताण बसला तर तो भरून निघत नाही.

आखणी

मक्याचा माझा प्लॉट चार ओळींचा आणि ६ मीटर लांबीचा. दोन ओळींत ६० सेंमी, दोन झाडांत २० सेंमी. म्हणजे हेक्टरी साधारण ८३ हजार झाडं. मोजायच्या फक्त मधल्या दोन ओळी, दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून. उरलं ५ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटर. बाहेरच्या ओळी कुंपणासारख्या असतात. शेजारच्या उंच वाणाची सावली त्या झेलतात, मोकळ्या वाटेचा जास्तीचा उजेडही त्याच खातात. ज्वारीला ४५ सेंमी अंतराच्या सहा ओळी, मधल्या चार मोजायच्या.

असे आठ प्लॉट म्हणजे एक गट. असे किमान तीन गट, जमलं तर चार. गटाच्या आत जमीन शक्य तितकी सारखी हवी. उतार असेल तर एक गट पूर्ण वरच्या पट्ट्यात, दुसरा मधल्या, तिसरा खालच्या. प्रत्येक वाण वर, मध्ये आणि खाली असा तिन्हीकडे एकेकदा येतो. उकिरड्याची जागा, पाटाच्या कडेचा ओलसर पट्टा, मोठ्या झाडाची सावली, हे सरळ वगळा. तेवढं शेत वाया गेलं तर जाऊ द्या.

गटातली जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि प्रत्येक गटासाठी नव्याने टाका. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतातल्या प्रयोगांसाठी हीच रीत बसवली आणि तेव्हापासून तिला पर्याय सापडलेला नाही. चिठ्ठ्यांत एकच नंबर दोन गटांत एकाच कोपऱ्याला आला तर हात शिवशिवतो, बदलावंसं वाटतं. बदलू नका.

पेरताना प्रत्येक जागी दोन दाणे टाका आणि रोपं तीन-चार पानांवर आली की विरळणी करून एक ठेवा. झाडांची संख्या सारखी राखायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. विरळणीनंतर मोजणी करून वहीत लिहा. खाडे, म्हणजे झाड नसलेल्या रिकाम्या जागा, पडलेल्या प्लॉटचं उत्पादन नंतर त्रैराशिकाने वाढवून दाखवू नका. मोकळ्या जागेशेजारचं झाड ती जागा थोडीफार खाऊन घेतं, ज्वारी तर फुटवे काढते. फार खाडे असतील तर तो प्लॉट बाद.

उभ्या पिकातली वही

रोज जायची गरज नाही, पण फुलोऱ्याच्या दिवसांत एक दिवसही चुकवू नका. मक्यात निम्म्या झाडांच्या तुऱ्यातून पराग पडू लागल्याची तारीख एक, निम्म्या झाडांना केस आल्याची तारीख दुसरी. दोन्ही लिहा. ताणाच्या वर्षी काही वाणांचे केस पराग संपत आल्यावर निघतात आणि कणीस टोकाला बोडकं राहतं. ज्वारी वरून खाली फुलते, म्हणून निम्म्या झाडांचं कणीस अर्ध्यापर्यंत फुललं ती तारीख धरायची.

या तारखांवरून लवकर आणि उशिरा येणारे वाण वेगळे काढा. ज्वारीत हे फार महत्त्वाचं. चाचणीतला सगळ्यात लवकर दाणा भरणारा वाण म्हणजे पाखरांची एकमेव पंगत. आजूबाजूला दुसरं काही पिकलेलं नसतं, सगळा थवा त्या एका प्लॉटवर. मोठ्या क्षेत्रावर तोच वाण असता तर हे नुकसान विभागलं गेलं असतं. म्हणून दाणा चिकात यायच्या आधी मधल्या ओळींतली कणसं कागदी किंवा जाळीच्या पिशव्यांनी झाकतो. काम कंटाळवाणं आहे, शेवटच्या वीस पिशव्यांपर्यंत मान अवघडते.

पक्वता ओळखायला पानांच्या रंगावर जाऊ नका. कणसाच्या मधल्या भागातला एक दाणा काढा, त्याचं टोक, जिथे तो बुरकुंडाला चिकटलेला असतो ते, नखाने खरवडा. काळी रेघ दिसली की दाण्याला आता वरून काही मिळणार नाही. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशीही असाच काळा ठिपका येतो. काही वाणांची पानं तेव्हाही हिरवीगार असतात. जनावरांसाठी कडबा हवा असेल तर तो वाण वहीत अधोरेखित करा.

काढणीच्या आधी लोळलेली ताटं मोजा, आणि दोन रकान्यांत. मुळापासून कललेली एका रकान्यात, कणसाच्या खाली मोडलेली दुसऱ्यात. हे टाळलं तर हाताने केलेली काढणी फसवते. मजूर वाकून पडलेलं कणीसही उचलतो, म्हणून वजन भरपूर दिसतं. यंत्राने काढाल तेव्हा ते कणीस शेतातच राहील. ज्वारीचं पडलेलं ताट जमिनीलगत चिरून बघा. आतला गर विरून नुसते धागे उरले असतील आणि त्यांवर काळी बारीक पूड दिसली तर तो खडखड्या रोग. दाणे भरताना ताण पडला की तो हमखास डोकं काढतो, त्यामुळे कुठल्या गटात पाणी कधी दिलं तेही लिहून ठेवा.

तोलणं

मोजायच्या जागेतली सगळी कणसं सोलून तोला. समजा ५.९ किलो भरली. त्यातली दहा सरासरी दिसणारी कणसं वेगळी काढा. निवडून मोठी नाहीत, हात आपोआप मोठ्यांकडे जातो. ती १.२ किलो भरली आणि त्यातून ०.९६ किलो दाणा निघाला, तर दाण्याचं प्रमाण ८० टक्के. म्हणजे प्लॉटचा दाणा ४.७२ किलो.

आता ओलावा. तीनदा मोजून सरासरी घ्या. सगळे वाण एकाच ओलाव्यावर आणल्याशिवाय तुलना करू नका, मी १४ टक्के धरतो. ओलावा २२ टक्के असेल तर ४.७२ ला ७८ ने गुणा आणि ८६ ने भागा, ४.२८ किलो. ६ चौरस मीटरचे हेक्टरी केले की साधारण ७१ क्विंटल. त्याच दिवशी काढलेल्या दुसऱ्या वाणाचा दाणाही ४.७२ किलोच भरला, पण ओलावा १७ टक्के निघाला, तर त्याचे होतात जवळपास ७६ क्विंटल. तोलकाट्यावर दोघे सारखे दिसले होते.

ज्वारीत कडबाही तोला, तोही वाळल्यावर. आणि दाण्याचा नमुना पांढऱ्या कागदावर पसरून काळे-गुलाबी बुरशीचे दाणे मोजा. पिकायच्या वेळी पाऊस आला असेल तर उताऱ्यापेक्षा हाच आकडा मोठा ठरतो.

नुसती सरासरी बघू नका. एक वाण चेकपेक्षा तीन गटांत ६, ५ आणि ७ क्विंटलने पुढे आहे. दुसरा १४ ने पुढे, मग ३ ने मागे, मग ७ ने पुढे. दोघांची सरासरी आघाडी ६ च. मी पहिल्याचं बियाणं मागवीन. दुसऱ्याच्या १४ वाल्या प्लॉटजवळ जाऊन बघीन की तिथे जमिनीत काय पुरलंय. ज्याला गणिताची आवड आहे त्याने विचरण विश्लेषण (वाणांमुळे पडलेला फरक आणि शेतामुळे पडलेला फरक वेगळे करायचा हिशोब) करून क्रांतिक फरक, म्हणजे खरा मानायला लागणारा किमान फरक, काढावा, पण या तीन आकड्यांकडे आधी डोळ्यांनी पाहावं.

पहिल्या वर्षी जिंकलेला वाण एकदम सगळ्या शेतावर नेऊ नका. दुसऱ्या हंगामात, शक्य तर दुसऱ्या जमिनीवर, वरचे तीन-चार पुन्हा पेरा. नंतरही एकाच वाणावर सगळा भार टाकू नका. १९७० मध्ये अमेरिकेत बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या नरवंध्य पेशीद्रव्यावर, म्हणजे पराग न देणाऱ्या एकाच प्रकारच्या मादी वाणांवर, बनवलेला होता. करपा आला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक घेऊन गेला. चाचणीत ते वाण उत्तमच दिसले असणार.

लिफाफा मी सगळ्यात शेवटी उघडतो. सगळी वजनं, ओलावे, मोडलेली ताटं दुसऱ्या वहीत शाईने उतरवून झाल्यावर. आणि उघडल्यावर आधी २ आणि ७ शोधतो, पहिला कोण आला ते त्यानंतर.