स्टाउटवर सायीसारखा फेस आणायचा कसा

स्टाउट या काळ्या, गडद बिअरच्या मऊपणाचे श्रेय नायट्रोजनला जाते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पाण्यात फारच कमी विरघळत असल्यामुळे त्याचे बुडबुडे बारीक राहतात, लवकर फुगत नाहीत आणि जिभेला झोंबतही नाहीत. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीने १९५९ साली हे तंत्र आणले. त्यासाठी साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण वापरतात.

ग्लास कोरडा आणि स्वच्छ घ्यावा, कारण तेलकटपणाचा अंशही फेस मारतो. तो ४५ अंशांत तिरका धरून बिअरचा नळ पूर्ण उघडावा, म्हणजे नळातल्या बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबाने जाताना बिअर घुसळली जाऊन वायू सुटतो. पाऊण ग्लास भरला की थांबावे. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण काचेलगत खाली उतरणारे तपकिरी लोट शमून बिअर काळीभोर दिसू लागल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग ग्लास सरळ धरून, नळाचा दांडा उलट दिशेला ढकलून, फेस काठाच्या किंचित वर येईपर्यंत सावकाश भरावे. कॅनमधल्या बिअरसाठी चकतीचे हे वायू सोडवण्याचे काम आतली नायट्रोजन भरलेली प्लास्टिकची पोकळ गोळी करते. कॅन मात्र आधी नीट गार केलेला हवा.