युरोपीय पासपोर्टवाल्याशी लग्न झालंय? कागदपत्रांत या चुका टाळा

नवरा मडगावचा पण पासपोर्ट पोर्तुगालचा, बायको कुडाळची आणि पासपोर्ट भारतीय. अशी जोडपी आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाहीत. लग्न ठरलं की एजंट म्हणतो, "नवरा युरोपियन आहे ना, मग वहिनींचं काम झालंच समजा." काम होतं, पण कुठल्या देशात आणि कुठल्या कायद्याखाली हे आधी न पाहिल्याने बहुतेकांचं घोडं अडतं.

युरोपीय संघाचा 2004/38 क्रमांकाचा निर्देश जोडीदाराला सोबत राहण्याचा हक्क देतो. अट अशी, की युरोपीय नागरिक स्वतःच्या देशात नसून संघातल्या दुसऱ्या देशात राहत असला पाहिजे. पोर्तुगीज नवरा आयर्लंडमध्ये किंवा जर्मनीत नोकरीला असेल तर बायको या निर्देशात बसते. जर्मन नवरा जर्मनीतच असेल तर तिला जर्मनीचा स्वतःचा कायदा लागतो. याचा परिणाम मोठा गमतीशीर आहे. बर्लिनमधल्या जर्मन माणसाच्या भारतीय बायकोला व्हिसाआधी साधारणपणे ए-1 (अगदी प्राथमिक) पातळीची जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते; शेजारच्या पोर्तुगीज माणसाच्या बायकोला ती द्यावी लागत नाही.

दुसऱ्या देशात राहून मायदेशी परतणाऱ्यांसाठी 1992 साली युरोपीय न्यायालयाने वाट मोकळी केली. त्या खटल्यातले सुरिंदर सिंग भारतीयच होते. ब्रिटिश पत्नीसोबत जर्मनीत नोकरी करून ते ब्रिटनला परतले होते. पण या वाटेने जायचं तर परदेशात खरोखर, तीन महिन्यांहून जास्त राहिलेलं असावं लागतं. शनिवार-रविवारच्या फेऱ्या चालत नाहीत, हे न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं. पोर्तुगालचं मात्र वेगळं आहे: 2006 च्या कायद्यातल्या जास्त सोयीच्या तरतुदी त्याने स्वतःच्या नागरिकांच्या कुटुंबालाही लागू केल्या आहेत.

ब्रिटन आता युरोपीय संघात नाही

स्विंडन आणि साउथॉलमधल्या गोंयकारांच्या घरांत ही गल्लत सर्रास होते. दीर आणि जाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर सहज गेले, म्हणून धाकट्याची नवी नवरीही जाईल, असं गृहीत धरलं जातं. संघाच्या नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेतून जोडीदाराला बोलवायचं तर नातं 31 डिसेंबर 2020 पर्यंत जुळलेलं हवं; लग्न नंतरचं असेल तर तेव्हाही दोघांचं टिकाऊ नातं होतं हे सिद्ध करावं लागतं. पुढे स्थळ पाहून झालेल्या लग्नांना ब्रिटनचा नेहमीचा जोडीदार-व्हिसा लागतो. त्यासाठीची उत्पन्नाची अट एप्रिल 2024 मध्ये वर्षाला 29,000 पौंडांवर गेली. लग्नाची तारीख काढण्याआधी हा आकडा दोन्ही घरांना ठाऊक असावा.

व्हिसाच्या अर्जात जास्तीचा गठ्ठा

नवरा दुसऱ्या देशात असेल आणि बायको त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे जात असेल, तर व्हिसा मोफत आणि लवकर द्यायचा असतो. पुरावे तीनच गोष्टींचे: त्याचं नागरिकत्व, तुमचं नातं आणि सोबत जाणं किंवा तिथे जाऊन मिळणं. तरी लोक पर्यटकासारखे हॉटेलचं बुकिंग, आयकर विवरण, बँकेचे कागद लावतात आणि मग अर्ज पर्यटक म्हणूनच तपासला जातो. शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या) अर्जातले फुलीची (*) खूण असलेले रकाने युरोपीय नागरिकाच्या कुटुंबियांनी भरायचे नसतात. ही सूट घेताय, हे अर्जासोबतच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहा.

नावांचा घोळ

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, आणि काही घरांत तर मूळ नावही. जन्मदाखल्यात एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. भारतीय कारकुनाला ते लगेच समजतं. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाला ती तीन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाआधीच जन्मदाखला आणि पासपोर्ट जुळवून घ्या. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात छापून आणा, आणि नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका.

गोव्यात लग्न असेल तर दिवाणी नोंदणीकडे दुर्लक्ष करू नका. चर्चचा किंवा देवळातला कागद युरोपातलं कार्यालय सहसा मानत नाही. भारत 2005 पासून अपोस्टिल (एका देशाचे सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणाऱ्या शिक्क्याच्या) करारात आहे, पण शिक्का आधी की भाषांतर आधी, हे ज्या कार्यालयात कागद जाणार त्यालाच विचारा. आणि पोर्तुगीज नवऱ्याने लग्न पोर्तुगालच्या नोंदवहीत चढवलेलंच नसेल, तर बायकोचा नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकत नाही. पुष्कळ नवरे हे "मग करू" म्हणून वर्षानुवर्षं ठेवतात.

कार्ड मिळालं, पण

अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत रहिवास कार्ड देणं बंधनकारक आहे आणि अर्ज केल्याची पावती लगेच. कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं. सलग पाच वर्षं राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो, तोही आपोआप खिशात येत नाही. कार्डासाठी अर्ज करावा लागतो. वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलगता तुटू शकते. बाळंतपण, गंभीर आजार अशा कारणांसाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत सवलत आहे. त्याचा पुरावा जपून ठेवा.

लग्न मोडलं तर काय, हे कोणी आधी विचारत नाही. निर्देशाचं उत्तर असं: लग्न किमान तीन वर्षांचं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशातलं असेल, किंवा घरात छळ झाला असेल, किंवा मुलाचा ताबा तुमच्याकडे असेल, तर राहण्याचा हक्क टिकू शकतो. पण 2015 च्या एका आयरिश खटल्यात न्यायालयाने मोठा खड्डा दाखवून दिला. तिथे भारतीय नवऱ्याची लाटवियन बायको देश सोडून निघून गेली, घटस्फोटाचा अर्ज नंतर झाला. तीन वर्षं झालेली असूनही त्याला या तरतुदीचा आधार मिळाला नाही. म्हणून जोडीदार देश सोडायच्या बेतात दिसला, तर वकिलाकडे त्याआधी जा.

नागरिकत्व वेगळं असतं

लग्नामुळे मिळणारी नागरिकत्वाची सवलत जोडीदाराच्या देशाची असते, तुम्ही राहता त्या देशाची नव्हे. पोर्तुगीज नवऱ्याच्या बायकोला तीन वर्षांच्या लग्नानंतर नागरिकत्व हवं असल्याचं निवेदन पोर्तुगालकडे देता येतं, मात्र लग्न टिकून असताना. घटस्फोट झाल्यावर ही वाट बंद. पोर्तुगीज समाजाशी नातं नाही, असा आक्षेप सरकारी वकील घेऊ शकतात. सामायिक पोर्तुगीज मूल किंवा सहा वर्षांचं लग्न असेल तर नंतरच्या दुरुस्त्यांनी तो आक्षेप बंद केला. हीच बाई जर्मनीत राहत असेल तर जर्मन नागरिकांच्या जोडीदारांसाठी असलेली तीन वर्षांची सवलत तिला मिळत नाही. तिला 2024 पासूनची सर्वसाधारण पाच वर्षांची अट लागते.

अर्जावर सही करण्याआधी भारताची बाजू पाहा. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे दुसरं नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. जुना पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते). ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. माहेरच्या सातबाऱ्यावर नाव लागायचं असेल, तर वारसनोंद आधी उरकून घ्या.