देजॉनमधला शनिवार-रविवार: नव्या विद्यार्थ्यांसाठी

दक्षिण कोरियातल्या देजॉनला कोरियन लोकच ‘नोजेम दोशी’ म्हणतात, म्हणजे जिथं काही मजा नाही असं शहर. राजधानी सोल केटीएक्स या वेगवान रेल्वेनं तासाभरावर, त्यामुळे नवीन आलेली मुलं सुरुवातीचे सगळे शनिवार-रविवार तिकडे काढतात आणि पैसे संपले की देजॉनकडे बघतात. आमचं म्हणणं उलट आहे. कायस्ट ही विज्ञान-तंत्रज्ञान संस्था किंवा चुंगनाम विद्यापीठ इथं आलेल्यांनी पहिले दोन-तीन वीकेंड इथंच काढावेत. कचरा, बाजार, बस, जेवण ही घडी एकदा बसली की बाकीचं सोपं जातं. नाही बसली, तर सहा महिन्यांनीही माणूस हॉस्टेल आणि लॅब याच फेऱ्या मारत राहतो.

शनिवारची तयारी शुक्रवारी दुपारी होते, कारण बँका सोमवार ते शुक्रवार आणि त्याही चारपर्यंतच. इथं मराठी मुलांची हमखास अडचण होते ती नावाची. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. कोरियन ओळखपत्रावर आडनाव आधी, मग ही दोन्ही नावं, सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. फोनच्या दुकानातला मुलगा घाईत वडिलांचं नाव गाळतो किंवा दोन नावं जोडून टाकतो, बँकेच्या फॉर्मची घरं संपतात म्हणून तिथं शेपूट तुटतं. मग कुठल्याही ॲपवर ‘पोनिन इन्जुंग’, म्हणजे फोनवरून ओळख पटवण्याची पायरी आली की ती फसते: भाड्याची सायकल नाही, ऑनलाइन खरेदी नाही. क्रम असा ठेवा: आधी ओळखपत्र (आल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावाच लागतो), मग त्याच्याशी अक्षर न् अक्षर, जागा न् जागा जुळणारं सिम, मग बँक. दुकानातून उठायच्या आधी स्क्रीन स्वतःकडे वळवून नाव वाचा.

शनिवारी सकाळी कचरा. साध्या कचऱ्याला ‘जोंगन्यांगजे बोंगथू’ ही विकतचीच पिशवी लागते. हा नियम १९९५पासून देशभर आहे. पिशवीवर ‘गू’चं, म्हणजे शहरातल्या विभागाचं नाव छापलेलं असतं, आणि युसॉंग-गूची पिशवी दुसऱ्या गूमध्ये चालत नाही. एकट्या माणसाला १० लिटरची पुरते. मार्टमध्ये बिल करताना प्लास्टिकऐवजी ‘जेसायोंग’ पिशवी मागा: सामान तिच्यातून घरी येतं आणि मग तीच कचऱ्याला लागते. ओला कचरा वेगळा, पण आपण ज्याला ओला म्हणतो तो सगळा नाही. त्याचं पशुखाद्य किंवा खत होतं, म्हणून जनावराला जे खाता येत नाही ते साध्या पिशवीत. अंड्याची टरफलं, कांदा-लसणाची सालं, हाडं, चहाचा चोथा, नारळाची करवंटी, आंब्याची कोय हे सगळं तिकडे. आमटी-रस्सा ओतण्याआधी पाणी निथळून घ्यायचं. पारदर्शक प्लास्टिक बाटल्यांचं लेबल काढून, चेपून, वेगळ्या डब्यात.

तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असेल तर युसॉंगचा आठवडी बाजार भरतो. खरं तर दर पाच दिवसांनी भरणारा, ‘ओइल-जांग’. मेट्रोच्या एकुलत्या एका लाइनवर गुआम स्टेशनला उतरा. शनिवार-रविवारी ही तारीख आली तर सोडू नका. कडधान्याच्या आजीबाईंकडे ‘नोक्तू’ म्हणजे आपले मूग मिळतात, आणि ‘गॉपी नोक्तू’ मागितले तर सोललेली, फुटलेली, फिकट पिवळी डाळ. हीच ती मुगाची डाळ. अधूनमधून हिरव्या सालीचा तुकडा राहिलेला असतो, तो धुताना तरंगून वर येतो. खिचडीसाठी इंडियन दुकान शोधत दूर जायची गरज नाही. धान्य ‘द्वे’ या लाकडी चौकोनी मापानं विकतात, आपल्या शेराच्या चालीवर. मापात लहान-मोठं असतं, तेव्हा पिशवी वजनकाट्यावर ठेवून बघा. ‘गन’ हे वजनही ऐकू येईल: मांसाला ६०० ग्रॅम, भाजीला साधारण ४००. मिरचीत फसगत ठरलेली. लांब, जाड, पोपटी दिसते ती ‘ओइ-गोचू’, काकडीसारखी नुसती खायची. फोडणीला बारीक, गडद ‘चॉंग्यांग-गोचू’ घ्या. मुळा घेतलात तर पाला टाकून देऊ नका म्हणून सांगा, बऱ्याचदा तो विकणारा तोडूनच ठेवत असतो. सुटी रोकड जवळ असावी.

फोडणीचा ठसका वन-रूममध्ये, म्हणजे एका खोलीच्या घरात, कोंडतो. एक्झॉस्ट आधी चालू, खिडकी उघडी, तेल कमी, मोहरीवर झाकण. धुराच्या सेन्सरला प्लास्टिक गुंडाळायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. मिक्सर रात्री दहानंतर नाही.

बाहेर जेवायचं तर शाकाहारी माणसानं ‘मांस नको’ एवढ्यावर समाधान मानू नये. मांस दिसत नाही अशा सूपचं ‘युक्सू’, म्हणजे मूळ पाणी, सुक्या मासळीचं असतं. देजॉनची खासियत असलेलं काल्गुक्सू (सुरीनं कापलेल्या शेवयांचं सूप) आणि तोफूचं तिखट दुरुचिगी दोन्हीत हा धोका. किमचीतही मासळीचं पाणी किंवा खारवलेली कोळंबी. त्यातल्या त्यात सोयीचं म्हणजे किंबाप (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल), ‘हेम प्पे जुसेयो’ (हॅम काढा) म्हणून सांगून. फिशकेक म्हणजे ‘ओमुक’, तोही काढायला सांगा. उन्हाळ्यात कोंगगुक्सू, सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया. चमचे टेबलाच्या बाजूच्या खणात असतात, पाणी आपलं आपण घ्यायचं, पैसे निघताना काउंटरवर, टीप नाही. काही पदार्थ दोन माणसांच्या मापाखाली देतच नाहीत. मेन्यूवर ‘2인’ (दोन माणसं) दिसलं तर एकट्यानं दुसरं काही मागवावं. गोडाला सॉंगशिमदांग बेकरी: १९५६ साली स्टेशनसमोर वाफवलेल्या बनपासून सुरू झालेली, शाखा फक्त देजॉनमध्ये. तळलेला सोबोरो (वर खुसखुशीत चुरा असलेला पाव), आत लाल चवळीसारख्या ‘पात’चं गोड पुरण. मुख्य दुकानापुढची रांग बघून घाबरलात तर स्टेशनातल्या शाखेत जा.

रविवारी सायकल. शहराची भाड्याची सायकल ‘ताशू’. चुंगचॉंग या इथल्या भागाच्या बोलीत हे ‘(सायकलवर) बसा’, वऱ्हाडीत ‘बसा ना जी’ म्हणावं त्या चालीवर. पहिला तास फुकट. क्यूआर स्कॅन करण्याआधी टायर दाबून आणि ब्रेक ओढून बघा, आणि परत लावल्यावर ॲपवर ‘परत केली’ दिसेपर्यंत हलू नका, नाहीतर तास चालूच राहतो. गापचॉन नदीकाठचा रस्ता सपाट आहे. १९९३च्या एक्स्पोसाठी उभारलेला ९३ मीटरचा हानबित टॉवर, तिथला पूल आणि पलीकडचं हानबात वनस्पती उद्यान, एवढं सावकाश दोन तासांत होतं. पायी जात असाल तर सायकलच्या पट्ट्यावरून चालू नका, मागून घंटा वाजत राहते. जुलैच्या पावसात नदीतले दगडी पायठणे पाण्याखाली जातात, तेव्हा काठाकडे फिरकू नये. बसमध्ये उतरतानाही कार्ड टेकवायचं. नाही टेकवलं तर अर्ध्या तासातली बदलीची सवलत बुडते.

मोठे मार्ट महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बंद, दूध-तांदूळ शनिवारीच. दवाखाने शनिवारी दुपारपर्यंत. तापाची गोळी मात्र चोवीस तासांच्या दुकानात मिळते.

संध्याकाळी युसॉंग-ओन्चॉन स्टेशनजवळ गरम पाण्याचं सार्वजनिक पायकुंड आहे, मोफत. सार्वजनिक स्नानगृहात सगळे कपडे काढायची लाज वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. टॉवेल घरून न्यायचा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायची, आणि पाय आधी नळावर धुवायचे. न धुता पाण्यात उतरलात तर शेजारच्या आजी बोलल्याशिवाय राहत नाहीत.