जुन्या टूरिंग मोटारसायकलींचे काम शिकताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील शासकीय आयटीआयमधून मेकॅनिक मोटार व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मी कोलशेत रस्त्यावरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये कामाला लागलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक जुन्या आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या असतात: कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, एव्हीएल या त्यानंतरच्या इंजिनाची थंडरबर्ड, 2003 साली बाजारात आलेली पहिली करिझ्मा. या कामात उतरू पाहणारी मुले दर वर्षी भेटतात, आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न फॉग लॅम्प, सॅडल बॅग आणि क्रॅश गार्ड कसे बसवायचे हाच असतो. बसवणे ही त्यातली सोपी बाजू आहे. जुन्या गाडीवर काहीही जोडण्याआधी तिच्याकडे वीज किती शिल्लक आहे, ती किती वजन पेलू शकते आणि तेवढ्या वजनासह ती वेळेवर थांबेल का, हे मोजता आले पाहिजे. माझ्या मते या धंद्यातले खरे शिक्षण तेच आहे.

मला ते एका चुकीने शिकवले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या थंडरबर्डवर मी 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प बसवले आणि घाईत त्यांची वायर थेट हेडलाइटच्या वायरला जोडली. गॅरेजमध्ये दिवे लख्ख लागले, गिऱ्हाईक खूश होऊन गेला. दोन दिवसांनी कसारा घाटात, रात्रीच्या वेळी, त्याचे सगळे दिवे एकदम गेले. एका ट्रकच्या मागोमाग हळूहळू तो खाली उतरला म्हणून निभावले. परत आल्यावर त्याने माझ्या टेबलावर एक कनेक्टर ठेवला. पांढरे प्लास्टिक वितळून तपकिरी झाले होते, पितळेची पिन काळी पडली होती आणि वायरवरचे आवरण बोटभर अंतरापर्यंत फुगून आले होते. गॅरेजचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, एवढेच म्हणाले, "आता याचा हिशेब कागदावर कर."

हिशेब अगदी साधा होता. हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 5 अँपिअर घेतो. 55 वॅटचे दोन दिवे मिळून 110 वॅट होतात, म्हणजे आणखी 9 अँपिअर. एका बल्बसाठी ओढलेल्या बारीक वायरीतून आणि वापरून झिजलेल्या स्विचमधून मी 14 अँपिअर नेले होते. त्या दिवसापासून जादा दिवा किंवा मोठा हॉर्न रिलेशिवाय, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीशिवाय, बसवायचा नाही हे मी ठरवून टाकले. चार पिनांचा साधा रिले घ्यावा. 30 क्रमांकाच्या पिनेला बॅटरीचा प्लस द्यावा, मात्र मध्ये बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. 87 वरून दिव्याकडे जावे, आणि 85 व 86 या पिनांपैकी एकीला अर्थ व दुसरीला स्विचकडून येणारी बारीक वायर द्यावी. सांधे झाळून त्यांवर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसती काळी टेप गुंडाळलेला सांधा ठाण्याच्या एका पावसाळ्यात चिकट होऊन सुटतो, आणि खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत आतले तांबे हिरवे पडते.

पण रिले बसवल्याने फक्त वायर वाचते, गाडीची वीज वाढत नाही. म्हणून नव्या मुलाने पहिल्या पगारातून महागडा पाना सेट घेण्याऐवजी एक बरा मल्टिमीटर घ्यावा असे मी आवर्जून सांगतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन सुरू करून प्रवासाच्या वेगाइतकी रेस दिल्यावर आकडा साधारण 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यावा. 15 च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला आहे आणि तो बॅटरी उकळून टाकील. मग त्याच रेसवर सगळे दिवे आणि मोबाइलचा चार्जर चालू करून पुन्हा पाहावे. आकडा 12.8 च्या खाली घसरला, तर गाडी वीज साठवण्याऐवजी बॅटरीतून खाते आहे आणि गिऱ्हाइकाला दिवे कमी करायला किंवा एलईडी घ्यायला सांगणे भाग आहे. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर छोटा अँपिअर मीटर असतो. हेडलाइट लावून गाडी आयडलवर ठेवली की त्याचा काटा उणे बाजूला झुकतो, आणि घोडबंदर रस्त्यावर तासभर वाहतुकीत अडकलेल्या गाडीची बॅटरी संध्याकाळी का बसते, ते तो काटा नवशिक्याला माझ्यापेक्षा चांगले समजावतो.

इंजिनाबद्दल सगळे इथे सांगता येणार नाही, तरी एका कामावर थोडे थांबतो, कारण हात तयार होतो तो याच कामाने. कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुश रॉडची फट जुळवताना, इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणून आम्ही हे काम सकाळी पहिले घेतो. प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, टॅपेटचे झाकण उघडायचे आणि पुश रॉड दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. लॉक नट आवळताना सेटिंग हमखास किंचित सरकते, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहावेच लागते. माझी पहिली काही आठवड्यांची सेटिंग काकांनी प्रत्येक वेळी मोडून पुन्हा करायला लावली. तेव्हा राग आला, आज त्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेली गाडी असेल तर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) त्यांच्यात 0.35 ते 0.40 मिलिमीटर गॅप ठेवावा. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे, असल्यामुळे हे काम उरत नाही. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून महिनाभर उभी राहणार असलेल्या कार्बोरेटरच्या गाडीचा बाउल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवावा.

आता सामानाविषयी. मागच्या कॅरिअरवर उंच पेटी बसवून तिच्यात सगळ्यात जड वस्तू भरणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. ते वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकते, पुढचे चाक हलके होते आणि वेग वाढला की हँडल थरथरू लागते. गिऱ्हाईक याचा दोष टायरला देतो. पाना, ट्यूब, पाणी अशा जड वस्तू सॅडल बॅगांत खाली, शक्य तितक्या सीटच्या जवळ भराव्यात. वर फक्त कपडे असावेत. सॅडल स्टे, म्हणजे बॅगा पेलणारी चौकट, वेल्ड करून बसवण्याचा आग्रह कोणी धरला तर मी नकार देतो, कारण उष्णतेने कमजोर झालेली फ्रेमची जुनी नळी पुढे वेल्डच्या कडेलाच चिरते आणि ती चीर रंगाखाली अनेक दिवस दिसत नाही. मूळच्या बोल्टांच्या जागीच पकडणारा स्टे घ्यावा, थोडा महाग पडला तरी चालेल. चेनची ढिलाई सामान आणि माणूस बसवून पुन्हा तपासावी. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन भार पडल्यावर ताठ होते.

सामान बांधण्याआधी चाके पाहावीत. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारली की घट्ट स्पोक टणटणतो आणि ढिला बद्द वाजतो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी फार जुने, कडक झालेले रबर लांबच्या प्रवासाला देऊ नये. ब्रेककडे तर अधिकच लक्ष हवे, कारण 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले ते 2019 मध्ये. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत चालकाच्या बोटांवर आणि ब्रेक शूवरच सगळी मदार असते. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे, कारण तेही ओलावा शोषते.

कागदपत्रांचे ज्ञान हा या कामाचाच भाग आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 मनाई करते. गिऱ्हाईक कितीही पैसे देऊ करो, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आमच्याकडे बसत नाही, आणि नव्या मुलांनीही हे पहिल्या दिवसापासून पाळावे.

कामाचा जोर एप्रिल-मे महिन्यांत, लडाखला निघणाऱ्यांमुळे, सर्वाधिक असतो. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने पुण्याकडे जाणारे ठाणेकर शिळफाट्याच्या कोंडीतून पनवेल गाठतात आणि जुन्या रस्त्याने बोरघाट चढतात. त्यांच्या गाड्यांचे क्लच मी वेगळे लक्ष देऊन पाहतो. जोडणीचे काम पूर्ण झाले की गाडी सामानासकट कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाटापर्यंत नेऊन आणायची, हा आमचा नियम आहे. निघण्यापूर्वी नव्याने आवळलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतो. परत आल्यावर शिकाऊ मुलाच्या हातात टॉर्च देऊन मी त्याला गाडीखाली बसवतो आणि कोणत्या नटावरची रेघ तुटली आहे ते शोधायला सांगतो.