सायकलच्या चेनला तेल देताय? सोलापूरच्या धुळीत या चुका टाळा

सायकलची चेन दोन बोटांत धरा आणि पायडल उलटं फिरवा. बोटाला काळा, चिकट, चोळल्यावर किरकिर लागणारा लगदा आला, तर तुमच्या चेनला तेल जास्त झालंय. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींची हीच गत असते. चेन वाजते म्हणून तेल ओतायचं, त्या तेलावर धूळ बसते, धुळीने चेन पुन्हा वाजते, की पुन्हा तेल. अशोक चौकाजवळच्या एका मिस्त्रींनी माझी चेन हातात घेऊन एवढंच सांगितलं होतं, "मालक, तेल आत जाऊ द्या, भायेर कशाला पायजे?" त्या दिवसापासून मी तेलाची बाटली निम्म्याने कमी वापरतो आणि चेन जास्त टिकते.

एक कडी नीट बघितली की त्यांचं म्हणणं पटतं. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांच्यातून आरपार जाणारी पिन आणि मध्ये फिरणारा छोटा रोलर. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन दात्यांवर चढताना आणि उतरताना कडी वाकते, तेव्हा पिन आतल्या बाजूने घासते. तेलाची गरज तिथं आहे. पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला तेलाचा पातळ पुसट थर गंज रोखायला पुरतो. त्याहून जास्त तेल तिथं फक्त धूळ धरून ठेवतं. तेलात कालवलेली बारीक माती आत शिरली की ती पॉलिश पेपरचं काम करते.

सोलापूरला हे सगळं जास्त लागू पडतं. पाऊस कमी, उन्हाळा लांब, आणि रस्त्याच्या कडेची माती वर्षातले बरेच महिने भुकटीसारखी उडते. होटगी रोडने किंवा नान्नजकडे सकाळी एक फेरी मारून या आणि चेनला पांढरं फडकं लावून बघा. पावसाळी मुलखातला माणूस चेनला घट्ट, चिकट तेल देतो, कारण पाण्याने ते धुऊन जाऊ नये ही त्याची काळजी. आपली काळजी धुळीची आहे.

घरात जे तेल आहे ते चेनला

सगळ्यात वाईट म्हणजे जळकं ऑइल. गाडीच्या सर्व्हिसिंगमधून निघालेलं काळं तेल फुकट मिळतं, म्हणून डब्यात भरून ठेवलेलं असतं. त्यात काजळी असते, इंजिनमध्ये झिजलेल्या धातूचे कण असतात, जळताना तयार झालेली आम्लं असतात. नव्या चेनमध्ये हे घालणं म्हणजे पैसे देऊन झीज विकत घेणं. इंजिन ऑइलच द्यायचं असेल तर ताजं द्या, थेंबाने द्या आणि पुसून घ्या. चेनकव्हर असलेल्या साध्या काळ्या सायकलला ते चालतं.

ग्रीसही नको. बेअरिंगमध्ये त्याची जागा आहे. चेनवर चोपडलेलं ग्रीस घट्टपणामुळे पिनेपर्यंत पोचतच नाही, बाहेर थर करून बसतं. नवीन चेनवर कारखान्यातूनच एक चिकट थर आलेला असतो, तो वेगळा. तो आतपर्यंत मुरलेला असतो. त्याला सुरुवातीला धुऊन काढू नका. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि चालवा.

स्वयंपाकघरातल्या तेलाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपला जिल्हा करडईचा. करडईचं तेल खायला उत्तम, पण ते हवेत सुकणारं तेल आहे. पातळ थर हवेत राहिला की त्याचा चिवट पापुद्रा बनतो, आणि याच गुणामुळे ते रंग आणि रोगणांत वापरतात. घरातल्या तेलाच्या बुधल्याच्या तळाशी बसलेलं पिवळं चिकट कडं आठवा, नखानेही निघत नाही. तेच चेनच्या कड्यांत होतं. शेंगदाण्याचं तेल त्यापेक्षा सावकाश चिकटतं, पण चिकटतंच. सगळी गोडेतेलं चेनपासून लांब ठेवा.

शिलाई मशीनचं तेल आणि मागाचं पातळ तेल यांचा प्रश्न उलटा. ती स्वच्छ असतात, आत झटकन शिरतात, पण टिकत नाहीत. आमचे वडील पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात पाळीला जायचे. बावीस इंची काळी सायकल, आणि चेनला मागाचंच तेल. कारखान्यात सुताचे बारीक तंतू उडायचे, ते ओल्या चेनवर बसायचे. आठवड्याभरात फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या, दात्यांमध्ये राखाडी नमद्यासारखा थर दाबून बसलेला असे, आणि तो आम्ही जुन्या दाभणाने उकरून काढायचो. पातळ तेल कुणाकडे असेल तर जरूर वापरा, पण दर आठवड्याला पुसून पुन्हा थेंब द्यायची तयारी ठेवा.

आता डब्ल्यूडी-४०. निळ्या-पिवळ्या डब्यातला हा स्प्रे घरोघरी असतो. त्याच्या नावातच काम सांगितलंय: पाणी हटवणे, आणि ४० म्हणजे चाळीसावं सूत्र. ओल्या चेनमधलं पाणी काढायला, गंज सैल करायला, मळ सुटायला तो चांगला. पण तेवढ्यावर चेन सोडून दिली तर काही किलोमीटरांत ती कोरडी पडते, आणि आधीचं तेलही त्याने विरघळून गेलेलं असतं. फवारणी झाली की चेन पुसा, वाळू द्या आणि मग खरं तेल द्या.

मग घ्यायचं काय? गिअरची सायकल असेल आणि तुम्ही बहुतेक कोरड्या रस्त्यावर फिरत असाल, तर दुकानात ड्राय लूब मागा, शक्यतो मेणाचं. त्यातला पातळ द्रव उडून जातो आणि मागे कोरडा थर राहतो, त्याला धूळ कमी चिकटते. ते लवकर संपतं, साधारण दीडशे किलोमीटरला पुन्हा द्यावं लागतं. वेट लूब, म्हणजे पाण्याने सहज न धुणारं घट्ट तेल, पावसासाठी. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, तेव्हाचे काही आठवडे ते वापरा. मात्र एकावर दुसरं देऊ नका. तेलाच्या चेनवर मेण बसत नाही, मध्ये चेन पूर्ण धुवावीच लागते.

मळावरच तेल

ही चूक सगळ्यांत जास्त होते. धुवायला पाणी कुठलं, असं आपल्याकडे कुणी म्हणेल तर त्याचं चुकत नाही. नळाला रोज पाणी येत नाही तिथं सायकलला बादली कोण देणार? पण चेनला पाणी फार लागतच नाही. एका जुन्या टूथब्रशवर थोडं डिझेल किंवा रॉकेल घ्या, रोलरच्या दोन्ही बाजूंनी घासा, फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवा. फडकं काळं येईनासं होईपर्यंत जागा बदलत राहा. नंतर साबणाच्या थोड्या पाण्याने डिझेल काढा आणि लगेच पुसा. घरातला जुना सोलापुरी टॉवेल यासाठी सर्वांत चांगला, तो शोषून घेतो आणि दात्यांत त्याच्या चिंध्या अडकत नाहीत. पेट्रोल नको, भडका उडतो. आणि वॉशिंग सेंटरवरच्या जोराच्या पाण्याखाली सायकल धरू नका. ते पाणी मळ कड्यांच्या आत ढकलतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस काढून टाकतं.

धुतलेली चेन ओली असताना तेल देणं हीसुद्धा चूकच. उन्हात अर्धा तास ठेवा. मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात.

ओतणं आणि थेंब देणं

बाटली उपडी करून पायडल गरागरा फिरवलं की निम्मं तेल रिमवर आणि फरशीवर जातं. त्याऐवजी चेनचा खालचा भाग घ्या, आतल्या बाजूने, म्हणजे दात्यांना टेकणाऱ्या अंगाने. मास्टर लिंक, म्हणजे चेन जिथं उघडते ती जोडकडी, शोधा, ती नसेल तर एका कडीवर खडूची खूण करा. तिथून सुरुवात करून प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पायडल सावकाश मागे घेत. गिअरच्या सायकलच्या चेनमध्ये साधारण ११० ते ११६ कड्या असतात, म्हणजे पाच-सात मिनिटांचं काम. खूण परत आली की थांबा. डिस्क ब्रेक असेल तर मागच्या डिस्कवर कागद धरा. तिथं तेलाचा शिंतोडा गेला तर ब्रेक लागेनासा होतो, आणि उताराला ते जिवावर बेतू शकतं.

मग मिनिटभर पायडल फिरवा आणि वाट बघा. ड्राय लूब असेल तर रात्रभर, कारण पातळ द्रव उडल्याशिवाय मेण जागेवर बसत नाही. निघायच्या दहा मिनिटं आधी तेल देऊन तुळजापूरला जाणाऱ्याची चेन गावाबाहेर पडेपर्यंत मातीने माखते. शेवटी बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. पुसताना "अरे, सगळंच निघालं" असं वाटतं. काळजी करू नका, आतलं आतच राहतं.

तरीही आवाज येतो

आवाजाची चाल ऐका. बारीक चूं-चूं, पक्ष्यासारखी, सतत: चेन कोरडी आहे. वाळू चावल्यासारखी करकर: आत माती आहे, तेल देऊ नका, धुवा. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच टक: चेनला दोष देऊ नका, पायडल किंवा क्रँक (पायडलचा दांडा) सैल असेल. आणि अडीच फेऱ्यांनी एकदा टक आलं तर एक कडी घट्ट झालीय. पुढच्या ४४ दात्यांच्या चकतीवर ११२ कड्यांची चेन साधारण अडीच फेऱ्यांत एक वळसा पूर्ण करते, म्हणून. पायडल हळूहळू उलटं फिरवत मागच्या गिअर बदलणाऱ्या भागातल्या छोट्या चाकावरून येणारी कडी बघा, न वाकणारी कडी तिथं उडी मारते. तिच्यावर तेलाचा थेंब द्या आणि ती आडवी, डावी-उजवीकडे हलक्या हाताने वाकवा.

जोर लावला की चेन दात्यावरून घसरत असेल, तर कुठल्याच तेलाने ती सुधारणार नाही. फुटपट्टी घ्या. शून्य एका पिनेच्या मधोमध धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो १२ इंचांच्या एक सोळांश इंच पुढे गेला, म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर, की चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही गेलेत आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारेल. क्लिपवाली चेन बसवताना क्लिपचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला ठेवा, उघडं टोक मागे. आणि बिनगिअरच्या सायकलची चेन बसवून झाली की मधोमध बोटाने दाबून बघा, अर्धा इंच वर-खाली हलायला हवी.