हिवाळ्यातली कानाझावा: बाग, खेकडा आणि ओदेन एका दिवसात

जपान समुद्राकाठच्या कानाझावाला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच. हवा वाईट असते, पण शहराचं सर्वोत्तम खाणं आणि बागेचं सर्वात देखणं रूप याच दिवसांत मिळतं. तोक्योहून 'कागायाकी' शिनकान्सेननं (बुलेट ट्रेननं) साधारण अडीच तास लागतात. तिच्यातल्या सगळ्या जागा आरक्षित असतात, म्हणून तिकीट आधी काढा. ओसाकाहून येताना मात्र मार्च २०२४ पासून त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. दिवस पूर्ण मिळावा म्हणून आदल्या रात्री मुक्कामालाच पोहोचा.

आधी पायांचा विचार करा, कारण इथला दिवस बिघडतो तो पायांपासून. इथलं तापमान शून्याच्या थोडं वरच घुटमळतं, त्यामुळे बर्फ कोरडा, भुसभुशीत नसतो. ओला आणि जड असतो. अनेक रस्त्यांवर जमिनीतलं पाणी फवारून बर्फ वितळवतात, म्हणून कडेला घोटाभर गार चिखलपाणी साचतं. कापडी बूट दहा मिनिटांत भिजतात. घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे जलरोधक बूट घाला आणि मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत ठेवा. जुन्या घरांत बूट काढून गार फळ्यांवरून चालावं लागतं, तेव्हा ओले मोजे फार छळतात. चालताना पावलं छोटी टाका, पूर्ण तळवा टेकवा. गटारांची लोखंडी झाकणं आणि दुकानांच्या दारातल्या गुळगुळीत फरशा सर्वात निसरड्या असतात.

जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका, असं इथले लोक म्हणतात ते अगदी खरं आहे. ऊन, पाऊस, गारा आणि बर्फ एकाच सकाळी येऊन जातात. चिकटवायच्या 'काइरो' गरम पुड्या कुठल्याही कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानात, मिळतात. त्या आतल्या कपड्यावर लावा, थेट कातडीवर लावल्या तर भाजतं.

शहरात फिरायला लूप बस पुरते. एका फेरीला २१० येन आणि दिवसाच्या पासला ८०० येन, म्हणजे चार वेळा बसणार असाल तरच पास घ्या. मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे. तोक्योच्या सुइका या प्रवासाच्या कार्डावर विसंबू नका. १० आणि १०० येनची नाणी खिशात असू द्या.

सकाळी आठला केनरोकुएन बागेत. हिवाळ्यात ती ८ ते ५ उघडी असते, प्रवेश ३२० येन. कात्सुराझाका दारानं आत शिरा आणि सरळ कासुमिगाइके तळ्याकडे जा. दोन पायांच्या कोतोजी दगडी दिव्यापाशी नऊनंतर फोटोसाठी रांग लागते, आठला क्वचितच कुणी असतं. तळ्याकाठी पसरलेला जुना पाइन म्हणजे कारासाकी. त्याच्यावर उभी असलेली दोरांची शंकूसारखी छत्री म्हणजे 'युकित्सुरी'. ओला बर्फ एका रात्रीत आडव्या फांद्या मोडू शकतो, म्हणून झाडाजवळ उंच खांब रोवून त्याच्या टोकापासून एकेका फांदीपर्यंत दोर ओढतात. या एकट्या झाडाला पाच खांब आणि सुमारे ८०० दोर लागतात. काम दरवर्षी १ नोव्हेंबरला याच झाडापासून सुरू होतं आणि मार्चच्या मध्यापर्यंत दोर राहतात. त्यामुळे बर्फ पडला नाही तरी निराश व्हायचं कारण नाही, दोर दिसणारच. रात्री बर्फ पडला असेल तर मात्र नाश्ता मागे ठेवून आधी बागेत या. दहा वाजेपर्यंत फांद्यांवरचा बराच बर्फ गळून गेलेला असतो.

बागेसमोरचा पूल ओलांडला की किल्ल्याचा १७८८ सालचा इशिकावा दरवाजा. त्याची शिशाची कौलं पांढुरकी पडली आहेत, ढगाळ उजेडात ती बर्फासारखीच भासतात. किल्ल्याचं पटांगण मोफत आहे, अर्धा तास पुरे. विजा कडाडायला लागल्या तर (डिसेंबरात इथे त्या नेहमीच्याच) बागेच्या दुसऱ्या बाजूच्या २१व्या शतकाच्या समकालीन कला संग्रहालयात शिरा. सोमवारी ते सहसा बंद असतं.

साडेदहाला ओमिचो बाजार. साडेअकरानंतर गेलात तर काइसेनदोनच्या, म्हणजे भातावर कच्ची मासळी रचलेल्या वाडग्याच्या, दुकानांपुढे तासभर थंडीत उभं राहावं लागेल. सोनेरी वर्ख लावलेला सर्वात महाग वाडगा घेऊ नका. त्यातले बरेच प्रकार दूरच्या समुद्रातले असतात. त्याऐवजी 'जिमोनो' म्हणजे स्थानिक मासळी मागा: हिवाळ्यातला चरबीदार बुरी मासा, गोड आमाएबी कोळंबी, आणि दिसायला मळकट पण चवीला सरस गासुएबी. ही कोळंबी लवकर खराब होते म्हणून फारशी बाहेरगावी जात नाही. समुद्र खवळला की होड्या बाहेर पडत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यांवर माल कमी नि भाव चढे असतात. अशा दिवशी कच्च्या मासळीचा हट्ट सोडा आणि जिबुनी खा: बदकाच्या मांसाला पीठ लावून रश्शात शिजवतात, वर वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी. पिठामुळे रस्सा दाटतो आणि बराच वेळ कढत राहतो.

खेकड्याच्या तारखा पक्क्या लक्षात ठेवा. नराची मासेमारी ६ नोव्हेंबर ते २० मार्च, मादीची फक्त २९ डिसेंबरपर्यंत. मादीला इथे 'कोबाको' म्हणतात. आकारानं लहान, नरापेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि अंड्यांमुळे चवीला आमच्या मते नराहून वरचढ. जानेवारीत ताजी कोबाको मागाल तर मिळणार नाही. बाजारात चालता चालता खायचं नाही. घेतलं त्या दुकानासमोरच उभं राहून संपवायचं आणि कचरा तिथेच द्यायचा. १ जानेवारीपासूनचे तीन-चार दिवस बहुतेक दुकानं बंद असतात.

बाजारातून हिगाशी चाया पंधरा मिनिटांच्या चालीवर. १८२० मध्ये वसवलेली ही चहागृहांची वस्ती. शिमा हे त्याच काळातलं घर आतून पाहा. तिथे मोठ्या पिशव्या आधी ठेवायला सांगतात. जपानमधला ९९ टक्के सोनेरी वर्ख कानाझावातच बनतो. वर्ख लावलेलं आइस्क्रीम घ्यायचंच असेल तर दुकानाच्या आत खा, बाहेर वाऱ्यानं तो उडून जातो.

तीनला बसनं कोरिन्बोला उतरून नागामाचीत जा. डिसेंबरपासून इथल्या सामुराई घरांच्या मातीच्या भिंतींवर गवताच्या चटया टांगतात, कारण ओल शिरून गोठली की माती सुटते. पाचच्या सुमारास अंधार पडतो, त्याआधी फिरून घ्या.

पावणेपाचला जवळच्या कातामाचीत ओदेनच्या, म्हणजे रश्शात मंद उकळलेल्या पदार्थांच्या, दुकानात बसा. साडेपाचनंतर रांग लागते. एकेक नग सांगून मागवायचं: चाकासारखा गव्हाचा कुरुमाफु, मुळा, बाइ शंख. नोव्हेंबर-डिसेंबरात कानिमेन मिळतं, म्हणजे कोबाकोच्या कवचात तिचंच मांस आणि अंडी भरून रश्शात उकळलेली. ते लवकर संपतं, त्यामुळे बसताक्षणी सांगा आणि भाव आधी विचारा. खाऊन झाल्यावर कवचात गरम साके (तांदळाची दारू) ओतून प्यायची पद्धत आहे.

शाकाहारी असाल तर ओदेन टाळा. कुरुमाफु गव्हाचा असला तरी रस्सा माशाचा असतो, आणि नुसतं 'मांस नको' म्हटल्यानं रस्सा बदलत नाही. 'निकु मो साकाना मो, साकाना नो दाशि मो ताबेमासेन' (मांस, मासे आणि माशाचा रस्साही खात नाही) हे जपानी लिपीत लिहून जवळ ठेवा आणि संध्याकाळची जागा दोन-तीन दिवस आधी हॉटेलकडून फोन करवून राखून घ्या. ऐन वेळी स्वयंपाकघर काही वेगळं करून देऊ शकत नाही.