क्योतोच्या मंदिरात परिषदेची मेजवानी: आधी बुटांचा हिशेब

क्योतोत परिषद भरली की शेवटच्या रात्रीचं जेवण एखाद्या जुन्या बौद्ध मंदिरात ठेवायचा मोह होतोच. ठेवाही. फक्त मेन्यू काढायच्या आधी तारीख, विस्तव आणि बूट या तीन गोष्टींचा निकाल लावा.

मार्चअखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चेरीचा बहर आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल पानं, तेव्हा बरीच मंदिरं रात्रीही पर्यटकांसाठी उघडी असतात. मार्च-सप्टेंबरचे हिगान आणि ऑगस्टमधला ओबोन हे पूर्वजांच्या स्मरणविधींचे दिवस. जानेवारीत लाकडी जमिनीवर नुसत्या मोज्यांत बसून बघा, मग कळेल. मेचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर बरा. वर्षभर आधी बोलणी सुरू करा. मंदिराला द्यायची रक्कम बहुधा 'भाडं' नसते, दक्षिणा असते. तिच्यात काय काय धरलंय ते लेखी घ्या.

विस्तवाबाबत घासाघीस करू नका. 1949 साली नारा भागातल्या होर्यूजी मंदिराच्या मुख्य दालनातली भित्तिचित्रं जळाली, 1950 मध्ये क्योतोतल्या किंकाकूजीची, म्हणजे सुवर्णमंडपाची, राख झाली. संरक्षित इमारतीत मेणबत्ती नाही, गॅस नाही, बुफेच्या भांड्याखालची जेलबत्तीही नाही. स्वयंपाक बाहेर करून आणायचा. विजेवर भिस्त ठेवाल तर जपानात वीज 100 व्होल्टची, आणि साध्या सॉकेटची मर्यादा 1500 वॅट. एकाच सॉकेटवर 1200 वॅटच्या दोन किटल्या लावल्या की फ्यूज गेलाच. जनरेटर आवाराबाहेर ठेवा.

आता बूट. एका माणसाला बूट काढून पिशवीत घालायला 20 सेकंद धरली, तर 150 पाहुण्यांना एका रांगेत 50 मिनिटं लागतात. पाच रांगा केल्या तर 10. प्रत्येकाला कापडी पिशवी द्या आणि बूट बरोबरच न्यायला सांगा, म्हणजे निघताना दाराशी गर्दी होत नाही. लेसचे बूट घालू नका, मोजे धड घाला, हे आमंत्रणातच छापा. (फाटका मोजा लपवत फिरणारा एखादा प्राध्यापक तरीही भेटतोच.) उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हेही तिथेच लिहा.

तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटईवर, खुर्चीचा बारीक पाय रुततो आणि वण कायमचा राहतो. म्हणून खाली रुंद पट्टी असलेल्या बुटक्या खुर्च्या मागवा. दोन तास मांडी घालणं सगळ्यांना झेपत नाही. चित्रं काढलेल्या सरकत्या दारांपासून टेबलं लांब ठेवा. खांबाला टेप लावायची नाही. रेड वाइन टाळा. काही मंदिरांत दारूच चालत नाही, ते आधी विचारा.

जेवण शोजिन र्योरीचं, म्हणजे बौद्ध मठांतल्या पद्धतीचं, ठेवा: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. पुण्या-मुंबईच्या शाकाहाऱ्यांची सोय आपोआप होते. पण कॅटररला नेमका एकच प्रश्न विचारा: दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, कशाची? कोंबू (समुद्री शेवाळ) आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची असेल तर ठीक. 'शाकाहारी' म्हणून आलेल्या सूपमध्येही बोनितो माशाचा अर्क सापडतो. जैन पाहुण्यांसाठी मुळा, गाजर, गोबो (हेही एक कंदमूळच) वगळायला वेगळं सांगावं लागतं. गोमादोफू (तिळाची टोफूसारखी मऊ वडी) आणि कोमट चालणारे पदार्थ जास्त ठेवा; गरम फक्त सूप, तेही थर्मासच्या भांड्यातून वाढा.

पाचला दर्शन बंद, साडेसहाला पाहुणे, म्हणजे मांडणीला दीड तास. साडेआठला जेवण उरका. शेजारी वस्ती असते. मोठी बस गल्लीत शिरत नाही, तेव्हा मुख्य रस्त्यापर्यंतची वाट रात्री एकदा स्वतः चालून बघा आणि खडीवर कंदिलाच्या आकाराचे बॅटरीचे दिवे ठेवा.